पुरावा कशाचा?

माझा भाचा यंदा स्पर्धापरीक्षेस बसत आहे. अशा परीक्षांस बसणाऱ्या मुलांच्या हातीं इतिहास, भूगोल व राज्यघटना ह्यांवरील जाड ग्रंथ असावयाचे, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. परंतु केंद्रीय लोकसेवा आयोगानें २०११ सालीं व महाराष्ट्र लोकसेवा आयोगानें २०१३ सालीं आपल्या पूर्वपरीक्षेंत एका निराळ्या प्रश्नपत्रिकेची भर घातली. तींत पाठ केलेली माहिती विचारीत नाहींत. विचार करण्याची शक्ति पाहतात. एक निष्कर्ष पुढें ठेवावयाचा, त्याखालीं चार विधानें द्यावयाचीं, आणि विचारावयाचें कीं, ह्यांपैकीं कोणत्या विधानानें निष्कर्षास बळकटी येते? पाठांतराच्या जोरावर पुढें आलेलीं मुलें नेमकीं येथें अडखळतात.

गेल्या पौषांत एके सायंकाळीं तो माझ्याकडे आला असतां अशाच एका प्रश्नावर आमची चर्चा जुंपली. प्रश्नाचा आशय असा होता: एका गांवच्या विहिरींत जंतुनाशक टाकण्यास आरंभ झाला आणि त्यानंतर तेथील पोटाचे विकार कमी झाले, यावरून ते जंतुनाशकामुळेंच कमी झाले, असा निष्कर्ष काढला आहे. त्यास बळकटी कशानें येते? पहिलें विधान असें कीं, जंतुनाशक अल्प किंमतीस मिळतें. दुसरें, शुद्ध पाणी प्रकृतीस हितकर असतें. तिसरें, शेजारच्या गांवीं इतर सर्व परिस्थिति सारखी असून विहिरींत कांहीं टाकलें नव्हतें, व तेथील विकार पूर्वीइतकेच राहिले. चौथें, गांवकरी ह्या योजनेवर संतुष्ट आहेत.

भाच्यानें दुसरें विधान निवडलें होतें; पुस्तकांत उत्तर तिसरें दिलें होतें. "पण मामा, दुसरें विधान खोटें आहे का?" असें त्यानें कांहींशा त्राग्यानें विचारलें.

तें खोटें मुळींच नव्हतें. किंबहुना चारही विधानें खरीं असूं शकलीं असतीं. परंतु विधान खरें असणें निराळें आणि तें एखाद्या विवक्षित निष्कर्षाचा पुरावा असणें निराळें. शुद्ध पाणी हितकर असतेंच. मग त्या गांवचे विकार जंतुनाशकानें कमी झालेले असोत, कीं नुसता पावसाळा संपल्यामुळें कमी झालेले असोत. निष्कर्ष उद्यां चुकीचा ठरला तरी हें विधान जागच्या जागीं उभें राहील. जें दोन्ही पक्षांकडे सारखेंच उभें राहतें, त्याला कोणत्याही एका पक्षाचा साक्षीदार म्हणतां येत नाहीं. तिसऱ्या विधानाची गोष्ट वेगळी. पावसाळा दोन्ही गांवीं संपला, पण विकार एकाच गांवीं कमी झाले. म्हणजे पावसाळ्याची पळवाट तेथें बंद झाली. पुराव्याचें काम हेंच. आपला निष्कर्ष चुकीचा असता तर जें आढळलें नसतें, तेंच पुराव्याच्या नांवास पात्र होय.

ही कसोटी कांहीं परदेशांतून आलेली नव्हे. धूर पाहून अग्नीचें अनुमान करण्याचें नैयायिकांचें उदाहरण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितलें गेलें आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत जे पांच हेत्वाभास सांगितले आहेत, त्यांत पहिला सव्यभिचार हा आहे. साध्य नसतांही जो हेतु आढळतो, त्यावरून साध्याचें अनुमान करूं नये, इतकाच त्याचा अर्थ. भाच्याचें दुसरें विधान हें सव्यभिचाराचेंच उदाहरण होतें.

हें सर्व त्याला पटलें. परंतु परक्या गांवच्या विहिरीविषयीं तर्कशुद्ध राहणें सोपें असतें. जी गोष्ट आपल्याला लहानपणापासून प्रिय आहे, तिच्याविषयीं तसें राहणें कठीण. ह्याचा अनुभव आम्हां दोघांस लवकरच यावयाचा होता.

माघ महिन्यांत कुडपणास जाण्याचा योग आला. कुडपण हें पोलादपूर तालुक्यांतील, सह्याद्रीच्या उंच रांगेंत वसलेलें गांव. सिंहगडच्या लढाईंत तानाजी मालुसऱ्यांबरोबर असलेल्या शेलारमामांची समाधि तेथें दाखवितात. तानाजीरावांचें उमरठ ह्याच तालुक्यांत आहे. लढाईची तिथि माघ वद्य नवमी, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७०. तेव्हां माघांतच तें स्थळ पाहून यावें, असें आम्हीं ठरविलें.

वाटेंत पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधि आहे. छत्रपति शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून संस्कृतांत शिवभारत रचणारे ते हेच परमानंद. तेथें क्षणभर टेकलों असतां मीं भाच्यास एक हकीकत सांगितली, ती येथें देणें अवश्य आहे. कारण पुरावा कसा वजन करावा, ह्याचा इतका चांगला धडा क्वचितच सांपडेल.

महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांत, म्हणजे १६२७ सालीं झाला, असें पूर्वीं सर्वत्र मानीत. त्यास आधार उत्तरकालीन बखरींचा होता, आणि बखरी कांहीं थोड्याथोडक्या नव्हत्या. पुढें लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली उजेडांत आणली. भोरजवळील कारीच्या जेधे घराण्यांत मिळालेल्या ह्या टिपणांत महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजीं दिलेला आहे. एका बाजूस अनेक बखरी आणि दुसऱ्या बाजूस एक शकावली. मोजदाद करावयाची तर बखरींचा पक्ष उघडच जड होता.

परंतु साक्षीदार मोजावयाचे नसतात. त्यांनीं माहिती कोठून घेतली तें पाहावयाचें असतें. एका बखरीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी लिहिली गेली असेल, तर तीन बखरी मिळूनही साक्ष एकच. एका विहिरीचें पाणी दहा घागरींत भरलें म्हणून विहिरी दहा होत नाहींत. शकावलीच्या पाठीशीं मात्र पुढें निराळ्या विहिरी उभ्या राहिल्या. परमानंदांच्या शिवभारताची प्रत दूर तंजावरास मिळाली व १९२७ सालीं सदाशिव महादेव दिवेकरांनीं तें प्रसिद्ध केलें. त्यांत तीच फाल्गुन वद्य तृतीया. जोधपूरच्या एका जुन्या कुंडलीसंग्रहांत महाराजांची कुंडली सांपडली. तीही त्याच तिथीशीं जुळली. मावळांतील एक देशमुख घराणें, महाराजांच्या पदरचा एक कवि आणि राजपुतान्यांतील कोणी ज्योतिषी ह्यांनीं एकमेकांचें पाहून लिहिण्याचा संभव फार थोडा. तिथि चुकीची असती तर तिघांनींही नेमकी तीच चूक कशी केली असती? ह्या प्रश्नास समाधानकारक उत्तर नाहीं, म्हणूनच त्या तिथीस बळकटी आली; आणि पुढें महाराष्ट्र शासनानेंही १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मान्य केली.

"म्हणजे पुरावा किती आहे हें न पाहतां तो किती ठिकाणांहून स्वतंत्रपणें आला आहे हें पाहावयाचें," असें भाचा म्हणाला. मला समाधान वाटलें. घाटाचीं वळणें चढतांना तो उत्साहानें बोलत होता.

कुडपणच्या परिसरांत भीमाची काठी म्हणून प्रसिद्ध असलेलें एक ठिकाण आहे. तें नांव ऐकतांच भाचा हसून म्हणाला, "ह्यावरून भीम येथें आला होता असें सिद्ध होत नाहीं. तो आला नसता तरी लोकांनीं हें नांव ठेवलेंच असतें. सव्यभिचार!" त्याचें म्हणणें बरोबर होतें. सह्याद्रींत पांडवांचीं नांवें लागलेलीं किती लेणीं आणि किती कडे आहेत, हें आपण जाणतोंच. तें नांव पांडवांच्या प्रवासाचा पुरावा नसून, आपल्या डोंगरी लोकांच्या मनांत महाभारत किती खोल रुजलें आहे, ह्याचा पुरावा आहे. पुरावा वाया गेला नाहीं. तो कशाचा आहे, एवढेंच ओळखावयाचें होतें.

समाधीपाशीं पोहोंचलों तेव्हां गांवांतील एक वृद्ध गृहस्थ तेथें बसले होते. आम्हीं नमस्कार केला. भाच्यास धीर निघाला नाहीं. भीमाच्या काठीचें यश ताजें होतें, त्या भरांत त्यानें एकदम विचारलें, "बाबा, ही समाधि शेलारमामांचीच, ह्याला पुरावा काय?"

मला अत्यंत संकोच झाला. ज्या दगडापुढें त्या माणसानें जन्मभर मस्तक नमविलें, त्याच्यासमोर असा प्रश्न टाकणें म्हणजे घरीं आलेल्या पाहुण्यानें देवघरांतील मूर्तीचें सोनें कसास लावण्यासारखें होतें. परंतु बाबा रागावले नाहींत. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माज्या आज्यानं मला सांगितलं, त्येला त्येच्या आज्यानं. त्येच्या म्हागचं मी काय बघितल्यालं न्हाई. बघितलं न्हाई त्ये बघितलं कसं म्हनू? आमी दिवा लावतो, येवढं खरं."

आम्हीं दोघेही स्तब्ध झालों. मी अनेक सुशिक्षितांचीं व्याख्यानें ऐकलीं आहेत. पण आपण स्वतः काय पाहिलें, दुसऱ्याकडून काय ऐकलें आणि कोठें आपलें ज्ञान संपतें, ह्या तीन गोष्टी इतक्या थोडक्या शब्दांत वेगळ्या करणारा साक्षीदार मला क्वचितच भेटला असेल. परीक्षेच्या पुस्तकाचें नांवही ज्यांनीं ऐकलें नसेल, त्यांनीं त्यांतील मुख्य प्रश्नाचें उत्तर देऊन टाकलें होतें.

मग समाधीच्या पायरीखालीं बसून आम्हीं शेलारमामांच्या कथेचा शांतपणें विचार केला. घोरपडीच्या साह्यानें कडा चढणें, ऐंशी वर्षांच्या शेलारमामांनीं तानाजीरावांच्या पश्चात् उदेभानास मारणें, हें सर्व आपल्या परिचयाचें आहे तें तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांतून. हा पोवाडा आकवर्थ व शाळिग्राम ह्यांनीं १८९१ सालच्या आपल्या पोवाड्यांच्या संग्रहांत छापला. दुसरीकडे कृष्णाजी अनंत सभासद ह्यांनीं, जे स्वतः महाराजांच्या काळांतले, १६९७ सालीं, म्हणजे लढाईनंतर सत्तावीस वर्षांनीं, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिली. त्यांच्या वर्णनांत घोरपड नाहीं. निवडक मावळे वानरासारखे कडा चढले, आणि मग माळ लावून तीनशें लोक वर गेले, असें आहे. तानाजीराव व उदेभान एकमेकांशीं झुंजून दोघेही पडले, आणि पुढें सूर्याजी मालुसऱ्यांनीं लोकांस सांवरून गड घेतला, असें सभासद सांगतात. शेलारमामांचें नांव त्यांत येत नाहीं.

"मग शेलारमामा नव्हतेच असें म्हणावयाचें का?" भाच्यानें विचारलें. ह्या वेळीं त्याचा आवाज बराच हळू होता.

मीं म्हटलें, नाहीं. मौन हाही कधीं कधीं पुरावा असतो. परंतु जेथें बोलणें अपेक्षित होतें तेथेंच. सभासदांनीं त्या तीनशें मावळ्यांपैकीं फार थोड्यांचीं नांवें दिलीं आहेत. ज्यांचीं दिलीं नाहींत, ते सर्व नव्हतेच असें कोणी म्हणेल काय? तेव्हां शेलारमामा लढाईंत होते कीं नव्हते, ह्या प्रश्नावर सभासदांचें मौन कोणत्याच बाजूस झुकत नाहीं. मात्र उदेभानास कोणीं मारलें आणि नंतर लोकांस कोणीं सांवरलें, ह्याविषयीं सभासद मौन नाहींत. ते स्पष्ट बोलतात, आणि त्यांचें बोलणें पोवाड्याहून भिन्न आहे. त्या एका मुद्द्यावर त्यांचें वजन पोवाड्याच्या विरुद्ध पडतें. एकच बखर, पण एका प्रश्नाला ती लागू आहे आणि दुसऱ्याला नाहीं.

राहिली समाधि. तानाजीरावांचीच समाधि सिंहगडावरही आहे आणि उमरठासही आहे. यावरून समाधि ही नेहमीं देहाचीच खूण असते असें नव्हे. ती स्मरणाचीही खूण असते, हें दिसतें. कुडपणच्या समाधीवरून एवढें निश्चित म्हणतां येतें कीं, ह्या गांवानें शेलारमामांस आपलें मानून त्यांची आठवण जपली. ती आठवण पोवाड्याहून स्वतंत्र असेल, तर ती दुसरी विहीर ठरेल. पोवाडा ऐकून निर्माण झालेली असेल, तर ती त्याच विहिरीची घागर. ह्या दोहोंत निवड करावयाची तर शेलारांचें व कुडपणचें नांव असलेलें त्या काळचें एखादें इनामपत्र, निवाडा किंवा महजर हवा. तसला कागद पोवाड्यावरून तयार होत नाहीं. म्हणूनच तो सांपडल्यास त्यास मोल.

ह्यावर भाच्यानें सिंहगडाच्या नांवाचा प्रश्न काढला. तानाजीरावांच्या निधनानंतर महाराजांनीं शोकानें उद्गार काढले आणि कोंढाण्याचा सिंहगड झाला, ही कथा घरोघर सांगितली जाते. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीच्या नांवानें ती अधिकच दृढ झाली. एक गड मिळाला पण दुसरा गेला, अशा आशयाचा शोक सभासदांनींही महाराजांच्या मुखीं घातला आहे. सिंहाचा उल्लेख मात्र तेथें नाहीं. आणि ३ एप्रिल १६६३ च्या महाराजांच्या एका पत्रांत किल्ल्याचें नांव सिंहगड असें आलेलें आहे. लढाईच्या सात वर्षें आधींच तें नांव प्रचारांत होतें.

"पण १६६५ च्या पुरंदरच्या तहांत जे तेवीस किल्ले दिले, त्यांच्या यादींत कोंढाणाच आहे ना?" भाच्यानें शंका काढली. शंका चांगली होती. परंतु एका किल्ल्याला दोन नांवें एकाच वेळीं असूं शकतात. जुनें नांव शंभर ठिकाणीं आढळलें तरी नवें नांव जन्मास आलें नव्हतें असें ठरत नाहीं. नवें नांव एका विश्वसनीय पत्रांत आढळलें तरी तें जन्मास आलें होतें हें ठरतें. शंभर कागदांहून एक कागद येथें भारी आहे, कारण शंभर कागद दोन्ही पक्षांशीं सुसंगत आहेत आणि तो एक कागद एकाशींच आहे.

त्याबरोबरच, त्या पत्रानें काय कमी झालें हेंही नीट पाहिलें पाहिजे. नांवाची कथा तेवढी गळली. रात्रीच्या अंधारांत कडा चढून जाण्याचें तें धाडस, तो पराक्रम आणि महाराजांचा तो शोक ह्यांस त्या पत्रानें यत्किंचितही धक्का लागत नाहीं. पुष्कळ लोक इतिहाससंशोधनाला भितात, ते ह्या एका घोटाळ्यामुळें. एका विधानाविरुद्ध पुरावा आला म्हणजे आपलें सर्वस्व गेलें, असें त्यांना वाटतें. उलट कांहीं अतिशहाण्यांस एक कथा खोटी ठरली कीं सर्व परंपराच खोटी वाटूं लागते. दोघांचीही चूक एकच: पुरावा कशाचा, हा प्रश्न त्यांनीं विचारलेलाच नसतो.

वाचकांस वाटेल कीं, हा विचार परीक्षेस बसणारांनीं व इतिहासकारांनीं करावा. परंतु आपल्या घरांत रोज काय चालतें? तीन दिवस पडसें झालें, काढा घेतला, चौथ्या दिवशीं उतार पडला, काढ्याचा गुण! काढा न घेतां पडसें किती दिवसांनीं जातें, हें कोणी पाहिलें? भ्रमणध्वनीवर एकच बातमी दहा आप्तांकडून येते आणि दहा जण सांगतात म्हणून आपण ती खरी मानतों. दहाही जणांनीं ती एकाच ठिकाणाहून पुढें ढकललेली असते. शेजारच्या मुलीविषयींची कुजबूज चार घरांतून ऐकूं येते. चौघींनाही ती एकीनेंच सांगितलेली असते, आणि एका निरपराध मुलीचें लग्न मोडतें. परीक्षेंत चुकलें तर गुण जातात. येथें माणसें जातात.

उतरत्या उन्हांत आम्ही परत निघालों. निघण्यापूर्वीं भाचा त्या बाबांच्या पायां पडला. मघांच्या प्रश्नाबद्दल त्यानें क्षमा मागितली, तेव्हां ते म्हणाले, "इचारायचं, पोरा. इचारल्याबिगर कळतंय व्हय?" पुण्याच्या दप्तरांत शेलारांचा एखादा कागद मिळतो का, हें परीक्षा झाल्यावर पाहीन, असें भाच्यानें त्यांना सांगितलें. कागद मिळाला नाहीं तर वाईट वाटेल का, असें मीं त्याला वाटेंत विचारलें. थोडा विचार करून तो म्हणाला, "वाटेल. पण वाईट वाटलें म्हणून तो मिळाला असें म्हणणार नाहीं."

आयोगाच्या परीक्षेंत तो उत्तीर्ण होईल कीं नाहीं, हें मला सांगतां येत नाहीं. त्याचा पुरावा अजून यावयाचा आहे.